वाचकांचे प्रश्न : परक्या शहरातील बागेत एक निवांत दुपार

गेल्या अंकात या सदरात मी, मुलाकडे जर्मनीतील म्युनिकला राहत असताना तेथील 'एंग्लिशर गार्टन' या बागेत घालवलेल्या ऑक्टोबरमधील एका दुपारविषयी थोडे लिहिले होते. बाकावर बसून समोरच्या मेपलची पाने गळताना पाहिली, बरोबर नेलेली पोळी-भाजी खाल्ली आणि ऊन उतरल्यावर घरी परतले, एवढेच त्यात होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक ठाणे व नवी मुंबईतील वाचकांची किंवा येथून परदेशी गेलेल्यांची आहेत. त्यांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी मूळची ठाण्यातील चरईची. गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये आहे. तुम्ही लिहिलेल्या बागेत मीही ऑक्टोबरमधल्या रविवारी दुपारी जाते. ऊन कोवळे असते, गवतावर पिवळी पाने पसरलेली असतात, पण दहा मिनिटांत मन अस्वस्थ होते. आई तिकडे एकटी दिवाळीची साफसफाई करत असेल, बाबा उकाड्यात बँकेची कामे करत फिरत असतील आणि मी येथे नुसती बसले आहे, असे वाटू लागते. मग मी फोटो काढते, घरी व्हिडिओ कॉल लावते आणि माझे बसणे तेथेच संपते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी प्रथम घड्याळाचा हिशेब केला. ऑक्टोबरमध्ये म्युनिकचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तुम्ही दुपारी तीन वाजता बाकावर बसता तेव्हा ठाण्यात साडेसहा वाजून दिवेलागण झालेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि हे अंतर साडेचार तासांचे होते. तेव्हा ज्या घटकेला तुमच्या मनातील आई माळ्यावरचे डबे उतरवत असते, त्या घटकेला तुमची खरी आई बहुधा देवापुढे दिवा लावून खुर्चीत टेकलेली असते, आणि रविवारी बँका बंद असल्यामुळे तुमचे बाबाही रांगेत उभे नसतात. दूर राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे घर नेहमी त्याच्या सर्वांत कष्टाच्या क्षणी थांबलेले दिसते. मलाही म्युनिकमध्ये असताना ठाण्याचे घर तसेच दिसत असे, आणि घरी फोन केला की यजमान तलावपाळीवर चक्कर मारून, मासुंदा तलावाच्या कठड्याशी मित्रांबरोबर तासभर बसून आल्याचे सांगत.

तुमच्या काळजीत खोटे काही नाही, आणि ती मनातून काढून टाका असे मी सांगणार नाही. मात्र तिची वेळ बदलून पाहा. रविवारी तुमच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा ठाण्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, जेवणे आटोपलेली असतात आणि आईलाही बोलायला सवड असते. त्या वेळी घरी फोन करा, साफसफाईला मदतनीस बाई लावायची असेल तर तिचे पैसे त्याच वेळी पाठवा, बाबांची जी कामे ऑनलाइन उरकण्यासारखी असतील ती तेथूनच करून टाका, आणि मग बागेत जा. ज्याची विचारपूस करायची ती करून झालेली असली की बाकावर बसलेल्या माणसाला उगाच उठावेसे वाटत नाही.

दुसरे, नुसते बसणे जमत नाही असे तुम्ही म्हणता ते अगदी स्वाभाविक आहे. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. घंटेवर चालणाऱ्या आयुष्यानंतर मलाही पहिल्या आठवड्यात त्या बागेत पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसवत नव्हते. मग मी एकच झाड धरले. मोनोप्टेरॉस या गोल ग्रीक धाटणीच्या मंडपाची टेकडी आहे ना, तिच्या खालच्या वाटेवरील एक नॉर्वे मेपल. सलग पाच रविवार मी त्याच बाकावर बसून त्याच झाडाकडे पाहिले. पहिल्या रविवारी केवळ शेंड्याकडची, दक्षिणेचे ऊन घेणारी पाने पिवळी झाली होती. दुसऱ्या रविवारी झाडाचा अर्धा भाग पिवळा होता. तिसऱ्या रविवारी वारा नसतानाही पाने एकेक करून सुटत होती, आणि प्रत्येक पान खाली येताना देठाच्या बाजूने गोल फिरत होते. पाचव्या रविवारी झाडाच्या फांद्यांमागची टेकडी प्रथमच स्पष्ट दिसली. तुम्हीही एखादे झाड धरा आणि पुढच्या रविवारच्या फोनवर त्याचे वर्तमान आईला सांगा. फोटोपेक्षा त्या सांगण्याने आई तुमच्या दुपारीत अधिक सहभागी होईल, आणि कदाचित आपल्या खिडकीखालच्या झाडाविषयीही काही सांगू लागेल.

आता अपराधी वाटण्याविषयी. तुम्ही ज्या देशात आहात तेथील राज्यघटनेनेच रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आहे. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. पण ही जाण आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. जुन्या पाठशाळांत अनध्यायाचे दिवस ठरलेले असत आणि त्या दिवशी शिकवणे दोषास्पद मानले जाई. आणि तुमच्या दुपारीशी थेट नाते सांगणारी प्रथा तर आवळीभोजनाची आहे. कार्तिकात, दिवाळी सरल्यावर, आवळ्याच्या झाडाखाली बसून सर्वांनी मिळून जेवायचे, एवढेच तिचे स्वरूप. माझ्या लहानपणी आम्ही त्यासाठी ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जात असू. पाटावरवंटा आणि चुलीतून त्या एका दुपारी सुटलेल्या माझ्या आजीला झाडाला टेकून बसलेले मी पाहिले आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर तेव्हा अपराधाची छटाही नव्हती. तुम्हीही त्याच ऋतूत झाडाखाली बसता आहात.

प्रश्न : मी कोपरी, ठाणे येथे राहते. सप्टेंबरअखेर मुलीकडे म्युनिकला गेले होते. बागेत तपकिरी, चकचकीत बिया झाडाखाली ढिगांनी पडलेल्या होत्या. आपल्या फणसाच्या आठळ्यांसारख्या भाजून खाव्यात म्हणून मी पिशवीभर गोळा केल्या, तर मुलीने सगळ्या टाकून दिल्या. मात्र नंतर शहरात गाडीवर तशाच बिया भाजून कागदाच्या पुड्यांत विकत होते. मुलगी बरोबर होती की गाडीवाला?

उत्तर : दोघेही बरोबर होते आणि मुलीचे तुम्ही आभार मानले पाहिजेत, कारण या दोन बिया अगदी निराळ्या झाडांच्या आहेत. बागेत तुम्ही वेचलेल्या बिया हॉर्स चेस्टनट या झाडाच्या होत्या. त्यांत सॅपोनिन व एस्क्युलिन ही द्रव्ये असतात आणि त्या खाल्ल्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. भाजल्याने किंवा उकडल्याने त्या खाण्याजोग्या होत नाहीत. गाडीवर भाजलेल्या मिळतात त्या गोड चेस्टनटच्या, ज्यांना तेथे 'मरोनी' म्हणतात. त्यांची चव भाजलेल्या रताळ्याच्या आणि आठळीच्या मधली असते, आणि तुम्ही आठळ्या खाणाऱ्या असाल तर त्या तुम्हाला निश्चित आवडतील.

ओळखण्याची खूण पक्की लक्षात ठेवा, कारण नातवंडे बरोबर असताना तिचा उपयोग होतो. हॉर्स चेस्टनटचे पान आपल्या काटेसावरीच्या पानासारखे, म्हणजे एका देठाच्या टोकाशी पाच ते सात पर्णिका पंजासारख्या पसरलेल्या असे असते. त्याच्या हिरव्या फळावर जाडसर, विरळ काटे असतात आणि बी गोलसर, टोक नसलेली असते. गोड चेस्टनटचे पान एकेरी, लांबट व करवतीसारख्या कडेचे असते. त्याच्या फळावर हात लावू नये इतके दाट, सुईसारखे काटे असतात आणि बीला एका बाजूला निमुळते टोक असते. म्युनिकच्या बागांत आणि तेथील बिअर गार्डनमध्ये, म्हणजे झाडांखाली मेजे मांडलेल्या बिअर पिण्याच्या मोकळ्या जागांत, सावलीसाठी लावलेली झाडे बहुधा हॉर्स चेस्टनटची असतात. पूर्वी बिअर थंड राहावी म्हणून जमिनीखाली तळघरे खणत आणि त्यांच्यावर गर्द सावली पडावी म्हणून ही रुंद पानांची झाडे लावत. त्या सावलीत माणसे बसू लागली आणि बिअर गार्डने झाली.

अलीकडे ही झाडे ऑगस्टमध्येच तपकिरी पडलेली दिसतात. तो ऋतूचा परिणाम नसून पान पोखरणाऱ्या एका सूक्ष्म पतंगाच्या अळ्यांचा उपद्रव आहे. त्या किडीचे कोश गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून ती पाने गोळा करून नष्ट केली जातात.

गोळा केलेल्या बिया टाकून देण्याचेही कारण नव्हते. तेथील मुले त्यांना काड्यापेटीतील काड्या टोचून माणसे आणि प्राणी करतात. माझ्या नातीने केलेला एक घोडा अजून माझ्या कपाटात आहे.

प्रश्न : मागच्या लेखात तुम्ही 'शरद' हा शब्द टाळून सर्वत्र 'पानगळ' लिहिले आहे. 'ऑटम' म्हणजे शरदच ना? आणि वाशीत आमच्या इमारतीभोवती भरपूर झाडे आहेत, पण त्यांची पाने ऑक्टोबरमध्ये पिवळी का होत नाहीत?

उत्तर : शब्द मी जाणूनबुजून टाळला. आपला शरद आश्विन-कार्तिकाचा. पाऊस नुकताच संपलेला असतो, आकाश धुतल्यासारखे असते, ठाणे जिल्ह्यात हळवा भात कापणीला आलेला असतो, बाजारात झेंडूचे ढीग असतात आणि दुपारी 'ऑक्टोबर हीट' अंगाची लाही करते. त्या वेळी आपली झाडे चार महिन्यांचा पाऊस पिऊन वर्षातील सर्वांत हिरवी असतात. 'शरद' असे लिहिले की मराठी वाचकाच्या मनात कोजागिरीचे चांदणे उभे राहते, आणि म्युनिकमध्ये त्याच आठवड्यात माणसे लोकरीचे मफलर बाहेर काढत असतात. आपली खरी पानगळ शिशिरातील, म्हणजे माघ-फाल्गुनातील. भाषांतर करणाऱ्यांनी दोन वेगळ्या ऋतूंना एकच नाव देऊन टाकले आहे, आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटते, कारण त्यामुळे वाचकाला दोन्ही ऋतू धूसर दिसतात.

झाडांचे उत्तर पाण्यात आणि उजेडात आहे. म्युनिकमध्ये जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला आठ तासांहून थोडाच अधिक. ठाण्यात हाच फरक जेमतेम सव्वादोन तासांचा असतो. तेथील झाडांना दिवस लहान होऊ लागल्याची आणि रात्री थंड झाल्याची सूचना मिळते. पुढे जमीन गोठणार, मुळांना पाणी ओढता येणार नाही आणि पातळ पाने थंडीने फाटणार, म्हणून झाड आधीच आवराआवर करते. पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील नत्रासारखी उपयोगी द्रव्ये ते खोडाकडे परत घेते. हिरवा रंग ओसरला की त्याखाली आधीपासून असलेली कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. म्हणजे तो पिवळेपणा नव्याने येत नाही, उन्हाळाभर तो पानात असतोच. तांबडा रंग मात्र बहुतांशी नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री न गोठवणारी थंडी असली की पानात साठलेल्या साखरेच्या जोरावर अँथोसायनिन हे द्रव्य बनते. उत्तर अमेरिकेतील मेपल त्यासाठी प्रसिद्ध आहेत. युरोपातील पानगळ मुख्यतः पिवळी आणि सोनेरी असते. शेवटी देठाच्या तळाशी पेशींचा एक विशेष थर तयार होतो, तो सैल होतो आणि पान आपल्याच भाराने सुटते. वारा नसताना पाने का गळतात, याचे हे कारण.

आपल्याकडे झाडाला भीती थंडीची नसून कोरडेपणाची असते. ऑक्टोबरनंतर थेट जूनपर्यंत पाऊस नसतो. त्यामुळे येऊरच्या जंगलातील साग, पळस, सावर आणि पांगारा ही झाडे हिवाळ्याच्या अखेरीपासून पाने टाकून पाणी वाचवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे सागाखालून चाललात, तर पावलाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. शिवाय आपल्याकडे तांबडा रंग बहुधा नव्या पालवीचा असतो. कुसुंबाची पालवी लालभडक, पिंपळाची तांबूस, आंब्याची तपकिरी. जाणारे पान तांबडे झालेले पाहायचे असेल तर तुमच्या इमारतीभोवती देशी बदाम आहे का ते पाहा. नवी मुंबईत रस्त्याकडेला ही झाडे पुष्कळ आहेत. ती वर्षातून साधारण दोनदा पाने टाकतात आणि टाकण्यापूर्वी ती पाने अशी रंगतात की म्युनिकच्या कोणत्याही झाडाशेजारी ठेवावीत.

प्रश्न : आम्ही उभयता ऐरोलीहून ऑक्टोबरमध्ये मुलाकडे म्युनिकला जाणार आहोत. बागेत बसण्यासाठी काय काळजी घ्यावी? घरचा डबा नेला तर चालतो का?

उत्तर : डबा अवश्य न्या. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातील बिअर गार्डनमध्ये, जेथे वाढपी नसतात अशा मेजांवर, स्वतःचे जेवण आणून खाण्याची जुनी रीत आहे आणि तिला सरकारी नियमाचाही आधार आहे. पेय मात्र तेथलेच घ्यावे लागते, आणि त्यात सफरचंदाचा रस व लिंबू सरबतासारखी पेये असतातच. एंग्लिशर गार्टनमधील पाच मजली लाकडी चिनी मनोऱ्याखाली मी थालीपीठ खाल्ले आहे. हा मनोरा १७९० च्या सुमाराचा; दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये तो बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९५२ मध्ये पूर्वीसारखाच पुन्हा बांधला गेला.

कपडे एकावर एक घालता येतील असे ठेवा. आल्प्सवरून 'फॉन' नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो त्या दिवशी ऑक्टोबरमध्येही स्वेटर काढावा लागतो आणि दूरचे पर्वत अगदी जवळ आल्यासारखे दिसतात. दुसऱ्याच दिवशी हाडे गारठतात. बाक थंड असतो, म्हणून जाड सतरंजीची घडी बरोबर ठेवा. गवतात बसलात तर घरी आल्यावर पाय, पोटऱ्या व गुडघ्यांच्या मागची जागा नीट पाहा, कारण तेथील गोचीड चावल्याने गंभीर आजार होऊ शकतात. बव्हेरियात हा धोका विशेष आहे; लशीविषयी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा. सायकलींसाठी आखलेल्या वाटेवरून चालू नका. आणि घड्याळे मागे घेतल्यानंतर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात ठेवून दुपारचे जेवण झाल्याबरोबर निघा. आपल्या सवयीने वामकुक्षी घेऊन चहानंतर निघालात तर ऊन हाती लागणार नाही.

प्रश्न : अकरा वर्षे म्युनिकमध्ये राहून आम्ही गेल्या वर्षी नेरूळला परत आलो. आई-वडिलांजवळ आहोत याचे समाधान आहे, पण ऑक्टोबर आला की त्या दुपारींची आठवण छळते. येथे तशी दुपार कोठे मिळेल? माझ्या जुन्या कोटाच्या खिशात तेथील हॉर्स चेस्टनटची एक बी सापडली. ती येथे रुजेल का?

उत्तर : ऑक्टोबरमध्ये ती येथे शोधू नका. ऑक्टोबरची दुपार आपल्याकडे पंख्याखाली, पडदे ओढून घालवायची असते, आणि बागेत बसण्याचा हट्ट धरलात तर घामाने जीव नकोसा होऊन म्युनिकची आठवण दुप्पट होईल. आपला बसण्याचा ऋतू नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत टिकतो. तुम्ही नेरूळला आहात, ही तर मोठी अनुकूल गोष्ट. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात आणि साधारण मे महिन्यापर्यंत राहतात. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये खाडीत अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. तुमच्या भागातील पाणथळ जागांवरही ते उतरतात. भरती-ओहोटीची वेळ पाहून जानेवारीतल्या एखाद्या दुपारी चारच्या सुमारास तेथे जाऊन बसा. पाणी चढू लागले की पक्ष्यांचा थवा आपली जागा बदलतो. ते पाहण्यासाठी तासभर सहज जातो.

तुमच्या आई-वडिलांनाही बरोबर न्या. म्युनिकच्या दुपारीत ते नव्हते. तुम्हाला जी आठवण छळते तिच्यात ही उणीव त्या काळीही असणार, आणि ती येथेच भरून निघण्यासारखी आहे. त्यांना खाडीपर्यंत चालणे कठीण जात असेल, तर ठाण्याला उपवन तलावाकाठी न्या. तेथे गाडी जवळ जाते आणि समोर येऊरचे डोंगर दिसतात.

बीविषयी सांगायचे तर ती रुजणार नाही. हॉर्स चेस्टनटची बी कोरडी पडली की तिच्यातील जीव जातो, आणि ओली राहिली तरी अंकुर फुटण्यापूर्वी तिला काही महिन्यांची थंडी लागते, जी नेरूळला मिळत नाही. परवान्यावाचून परदेशी बिया आणण्यास आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा यापुढे कोणाला आणायलाही सांगू नका. असलेली तशीच खिशात राहू द्या. फणसाची आठळीही याच जातकुळीची असते. गरे खाऊन आठळी सुकू दिली की ती रुजत नाही. त्याच आठवड्यात मातीत घातली तर लवकर कोंब येतो. मे-जूनमध्ये घरी फणस फोडाल तेव्हा चांगल्या भरदार चार आठळ्या बाजूला काढा आणि पाऊस सुरू होताच आपल्या सोसायटीच्या आवारात, भिंतीपासून बऱ्याच अंतरावर लावा. फणस फार पसरतो, म्हणून जागा मात्र सोसायटीला विचारून निवडा.